व्यंकट मिस्त्रीचा प्लग

"काळा पडलेला प्लग कधी खोटं बोलतो का, माय?"

मायनं पदर सारखा केला.

"तू सांग. बोलतो का?"

"मला प्लगच ठाऊक न्हाई," माय म्हणाली. "त्यो बोलतो हे तर आजच कळालं."

बालाघाटाच्या डोंगरात, घाट चढून आलं की तळ्याच्या काठाला महादेवाचं एक जुनं देऊळ आहे. माय तिथं राहायची. देवळाबाहेरच्या लिंबाखाली दगडी ओटा होता, त्यावर ती बसलेली असायची. लहानथोर सगळे तिला 'माय' म्हणायचे आणि 'तू' म्हणायचे. लोक तंटे घेऊन यायचे. माय तंटा सोडवायची नाही. पण लोक परत जाताना तंटा बरोबर नेत नसत, असं म्हणतात.

मी महिन्यातून एखादा आठवडा तिथं जाऊन राहायचो. त्या दिवशी ओट्याच्या टोकाला बसून तुरीची डाळ निवडत होतो. म्हणून हे सगळं मी कानांनी ऐकलेलं आहे.

विचारणारा होता व्यंकट मिस्त्री. घाटाखाली फाट्यावर त्याचं गॅरेज. बंद पडलेली मोटारसायकल लोक लांबलांबून ढकलत त्याच्याकडे आणायचे. व्यंकट आधी काही विचारायचा नाही. प्लग काढायचा, उन्हात धरायचा, दोन बोटांत फिरवायचा आणि निकाल सांगायचा. निकाल बहुतेक वेळा बरोबर निघायचा. त्यामुळंच माणूस बिघडला होता.

कारण आता तो माणसांचेही निकाल सांगू लागला होता.

तो मायसमोर बसला होता, पण मान सारखी देवळाच्या फाटकाकडे वळत होती. तिथं मोटारसायकलीजवळ त्याचा मेहुणा उभा होता. उन्हात. सावली दोन पावलांवर होती, पण व्यंकटनं त्याला बजावलं होतं, "मला दिसंल असा हुबा राहा."

मला तेव्हाच त्याचा राग आला.

"प्लग म्हंजे काय, दाखव तरी," माय म्हणाली.

व्यंकटला तेच हवं होतं. त्यानं पिशवीतून एक फडकं काढलं आणि ओट्यावर पसरलं. आत बोटभर लांबीचे जुने प्लग होते. बायका दागिने दाखवतात तसं एकेक उचलून दाखवू लागला.

"ह्यो इंजिनाच्या डोक्यात बसतो. ठिणगी पाडतो, मग पेट्रोल पेटतं. ह्याचं खालचं टोक आत असतं. आत काय चाललंय ते त्या टोकाला दिसतं. ह्यो बघ, भाकरीच्या पापुद्र्यावानी तांबूस. इंजिनाचं पोट चांगलं हाय."

"आन ह्यो पांढरा?"

"इंजिन तापलंय. पेट्रोल कमी पडायलंय. फोड आलेत बघ टोकाला. आन ह्यो ओला, तेलकट... ह्याची रिंग गेली, आईल वर चढायलंय. मालक शपथ घेऊन सांगत होता, गाडीला काई झालं न्हाई. प्लगनं सांगितलं, झालंय."

मायनं शेवटचा प्लग उचलला. तो तव्याच्या बुडासारखा काळा होता. तिनं बोट फिरवलं, बोट काळं झालं.

"ह्यो कशानं असा?"

"हवा कमी, पेट्रोल जास्ती. फिल्टरमधी कचरा बसला असंल, न्हाईतर चोक राहिला असंल."

"चोक म्हंजे?"

व्यंकट हसला. "सकाळी गाडी गार असती. लवकर चालू होत न्हाई. मग एक बारकी दांडी असती, ती वर करायची. हवेची वाट जरा बंद होती, गाडी पेटती. पेटली की दांडी खाली करायची. न्हाई केली तर इंजिन गुदमरतं आन प्लग काळा पडतो. ह्ये तर शेंबडं पोरगंबी सांगंल, माय."

"बरं."

"आन माणसाचं तोंड म्हंजे काय असतंय?" व्यंकटनं पुढं सरकून आवाज खाली घेतला. "प्लगच. आतलं काळं बाहेर येतंय."

त्यानं फाटकाकडे हनुवटी उडवली.

"त्यो बघ. उत्तरेश्वर. बायकोचा सख्खा भाऊ. माझ्याच गॅरेजात कामाला, माझ्याच घरात. आधी कसा होता? हसायचा, काम करता करता गाणी म्हणायचा. आता मी गॅरेजात पाऊल टाकलं की गाणं बंद. नजर खाली. हातातला पाना पडतोय. खाईल त्याला खवखवे, दुसरं काय?"

"त्यानं काय खाल्लं?"

"माझी गिऱ्हाइकं! समोर नवं गॅरेज झालंय. माझी माणसं तिकडं जायलीत. ह्योच लावून देतो."

"तू बघितलंस?"

"बघायला कशाला पाहिजे? तोंड सांगायलंय."

मायनं काळा प्लग उलटा करून बघितला.

"तरीबी मी बघतो. उगंच कुणावर आळ नको. त्याचा डबा उघडून बघतो. खिसे चाचपतो. फोन आला की जवळ जाऊन हुबा राहतो. गिऱ्हाइकाशी बोलायला लागला की गाडीमागं बसून ऐकतो."

"काय सापडलं?"

"काहीच न्हाई."

"मग?"

"तेच तर म्हणायलो, माय! काहीच सापडत न्हाई, म्हंजे किती मुरलेला असंल!"

स्वभावाला औषध नाही म्हणतात. संशयाला तर दवाखानाच नाही. मी डाळीत तोंड घातलं, नाहीतर हसू आलं असतं.

पण व्यंकट हसण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते. थोडा वेळ तो फडक्यावरचे प्लग उगाच इकडचे तिकडे करत राहिला. मग म्हणाला, "त्याला हाकलायचा हाय. पण मथुरा म्हणायली..."

"बायको?"

"हां. म्हणायली, माझ्या भावाला चोर म्हणून घराबाहेर काढलंत तर त्याच्या मागनं मी जाते. लेकरं घेऊन." तो बोटाची काजळी फडक्याला पुसू लागला. "ती जाईल, माय. बोलली की करती."

हे त्यानं सगळ्यात शेवटी सांगितलं. मला वाटतं घाट चढताना त्याच्या मनात एवढंच होतं.

"मग माझ्याकडं कशाला आणलंस त्याला?"

"बेलभंडार उचलायला लाव. देवाच्या दारात त्याचं तोंड फुटलं म्हंजे मथुराची बोलती बंद."

आमच्या भागात बेलभंडार ही खेळायची गोष्ट नाही. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातावर घेऊन माणूस बोलतो आणि ते पिंडीवर वाहतो. खोटं बोलला तर घर बसतं, असं लोक मानतात. आणि ज्यानं पान उचलायला नकार दिला, त्याला गावात कुणी दारात उभं करत नाही. उत्तरेश्वरला पान उचलूनच नाहीतर नाकारूनच घाट उतरायचं होतं.

माय काळा प्लग अजून हातात धरून होती.

"ह्याच्याबिगर गॅरेजात कोण कोण होतं रे?"

"गुंडाप्पा. त्याच्या आधी हमीद."

"ते कुठं गेले?"

"हाकलले. ते बी तसलेच."

"काळे?"

"काळेच."

"आले तवाच काळे होते?"

"छे! आले तवा लख्ख होते. हमीद तर काय गोड पोरगा. माझ्याकडं ऱ्हायल्यावर एकेकाचा रंग दिसायला लागला."

बोलता बोलता तो क्षणभर थांबला. मला वाटलं, त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. पण डोळ्यांत धूळ गेली होती. त्यानं डोळा चोळला आणि पुन्हा फाटकाकडे बघितलं.

"बोलावू त्याला?" 

"बोलाव."

मायनं मला खूण केली. मी गाभाऱ्यातून ताटली आणली. बेलाचं पान, भंडारा.

उत्तरेश्वर आला. चपला लांब काढल्या. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, खांदे रुंद. पण अंग चोरून उभा राहिला. मायच्या पाया पडला. नजर जमिनीवर.

"बघ, नजर बघ," व्यंकट मायच्या कानाशी म्हणाला. आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय बोलायचं त्यानं?" मायनं विचारलं.

"म्हणायचं, मी समोरच्या गॅरेजच्या दारात कधी हुबा राहिलो न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच. चोराच्या मनात चांदणं असतं. एवढंच त्याला जड जाईल."

उत्तरेश्वरनं पान उचललं. तळहातावर भंडारा घेतला. गाभाऱ्याकडे तोंड केलं.

...

लिंबावर एक कावळा बसून ओरडत होता.

उत्तरेश्वरनं पान परत ताटलीत ठेवलं. भंडारा झटकला नाही, तो जपून ताटलीत उतरवला.

"हुबा राहिलो होतो," तो म्हणाला.

व्यंकट उडालाच. "ऐकलंस! ऐकलंस, माय? मी म्हणत होतो का न्हाई? रंग चुकत नसतो!"

खरं सांगतो, त्या घटकेला माझाही तोल गेला. मला वाटलं, आपण उगाच या माणसाची बाजू घेऊन बसलो. मिस्त्री शेवटी मिस्त्री आहे.

मायनं उत्तरेश्वरला विचारलं, "कशाला हुबा राहिलास तिथं?"

"काम मागायला."

"कवा?"

"गुंडाप्पाला काढलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी." तो अजून खालीच बघत होता. "म्हणलं, आता पाळी माझी."

"मग? दिलं काम?"

"देत होते. म्या गेलो न्हाई."

"का?"

"आक्काला काय सांगू?"

आक्का म्हणजे मथुरा, व्यंकटची बायको. भाऊ नवऱ्याच्या दुकानासमोर जाऊन काम करायला लागला असता तर तिला दोन्हीकडून ऐकावं लागलं असतं. उत्तरेश्वर एवढं काही बोलला नाही. माझ्या ध्यानात आलं ते मी लिहितो.

व्यंकटच्या ध्यानात आलं नाही.

"किती गोड बोलतोय बघ," तो म्हणाला. "आक्का म्हणं! आता सांग, माय. कबूल झाला. हाकलू का न्हाई? तुझ्या तोंडानं सांग, म्हंजे मथुरा ऐकंल."

मायनं काळा प्लग फडक्यावर ठेवला.

"तुझ्या गाडीचा प्लग कसा हाय रे?"

"माझ्या?" व्यंकटला हसू आलं. "खुद्द मिस्त्रीची गाडी, माय. भाकरीचा पापुद्रा."

"दाखव की."

"आत्ता?"

"मला चांगला रंग परत बघायचा हाय."

व्यंकट कुरकुरत उठला. म्हाताऱ्या माणसाची हौस म्हणून उठला. गाडीच्या डब्यातून प्लग पाना काढला, वायर ओढली, पाना फिरवला. गाडी अजून गरम होती. फडक्यात धरून तो प्लग या हातातून त्या हातात नाचवत ओट्याकडे आला. आणि वाटेत थांबला.

काळा.

तव्याचं बूड परवडलं, इतका काळा.

त्यानं प्लगकडे बघितलं. मग उत्तरेश्वरकडे.

"माझ्या गाडीला हात लावलास?"

"न्हाई, दाजी."

"लावलास! घाटात गाडी ठसकत होती, धूर सोडत होती. तवाच वळखलं मी. म्हणून आरशातनं तुझ्यावर नजर ठेवली."

"आरशातनं?" मायनं विचारलं.

"आरसा त्याच्या तोंडाकडं वळवूनच आणलाय. मागं बसून काय करतोय ते कळाया नको?"

मी फाटकाकडे बघितलं. खरंच, गाडीचा एकुलता एक आरसा रस्ता सोडून आत, मागच्या सीटकडे वळलेला होता. सगळा घाट हा माणूस मेहुण्याचं तोंड बघत चढला होता. दोघं जिवंत वर आले हीच महादेवाची कृपा.

"नवा प्लग हाय तुझ्याकडं?" माय म्हणाली.

"हाय की. खोक्यातला."

"लाव. तळ्याला वळसा घालून ये. ह्याला हितं बसव माझ्यापाशी. म्हंजे कुणाचा हात लागायला नको."

व्यंकटला हे एकदम पटलं. इतका वेळ मायनं शहाणपणाची एकच गोष्ट केली, असा त्याचा चेहरा झाला. त्यानं खोक्यातून नवा प्लग काढला. पांढरीशुभ्र चिनीमाती, चकचकीत टोक. मायला दाखवला, मला दाखवला, उत्तरेश्वरला मुद्दाम दाखवला. बसवला. किक मारली आणि एकटाच निघाला. धुराचा एक काळा ढग फाटकात तरंगत राहिला.

आवाज तळ्याच्या बांधाकडे गेला. मग ऐकू येईनासा झाला.

उत्तरेश्वर ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. मायनं त्याला तांब्या दिला. तो घटाघटा पाणी प्याला. बाहीनं तोंड पुसलं. मग माझ्या सुपाकडे बघत म्हणाला, "काका, ह्यो खडा राहिला."

"कुठं?"

"ह्यो काय." त्यानं खडा उचलून टाकला. दुसरा उचलला. माझ्यापेक्षा त्याची नजर चांगली होती. सूप जवळ ओढून घेऊन तो निवडायलाच लागला. माझी डाळ निम्म्या वेळात होणार म्हणून मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं तो गुणगुणू लागला. शब्द कळले नाहीत, पण चाल गमतीची होती. मायच्या शेळीनं सुपात तोंड घातलं तर तिच्याशी भांडला आणि हसला. दात पांढरे होते, चेहरा मोकळा. हाच का तो, असं वाटावं इतका.

माय त्याच्याकडे बघत नव्हती. ती तळ्याकडे बघत होती.

बांधावरून फटफट ऐकू आली.

गुणगुणणं थांबलं. त्यानं सूप माझ्याकडे सरकवलं, उठला, आणि मघा उभा होता त्याच जागी उन्हात जाऊन उभा राहिला. अंग चोरून. नजर खाली.

मला फार वाईट वाटलं.

व्यंकट आला. गाडी ठसकत होती. फाटकाच्या अलीकडेच, वेगात असतानाच त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं. "धावत्या गाडीचा प्लग बघावा, हुब्या गाडीचा न्हाई," असं आम्हाला सांगत गाडी तशीच घरंगळत आणली. हा त्याच्या धंद्यातला शिरस्ता होता. उतरला. पाना लावला. फडकं.

प्लग बाहेर आला.

काळा.

मघासारखा जाड नाही. पण ज्याला काळा म्हणतात तो काळा. पांढऱ्या चिनीमातीवर काजळीचा थर.

व्यंकटनं तो फडक्यात धरून उन्हात फिरवून बघितला.

"प्लगच बोगस," शेवटी तो म्हणाला.

"दुसरा हाय?"

"हाय."

"लाव."

त्यानं खिशात हात घातला. खोकं बाहेर काढलं. उघडलं नाही.

"लाव की," माय म्हणाली. "का त्यो बी काळा व्हईल?"

...

"व्यंकट?"

"जो लावंल त्यो काळा व्हईल, माय." आवाज खाली गेला होता. हे बोलणारा संशयी दाजी नव्हता, फाट्यावरचा मिस्त्री होता. "एकामागं एक प्लग काळेच पडायलेत, म्हंजे प्लगचा दोष न्हाई."

"मग कुणाचा?"

तो गाडीजवळ गेला. गुडघ्यावर बसला. गाडीच्या पोटाशी मान घातली. फिल्टरच्या झाकणावर टिचकी मारली. मग त्याचा हात कार्बोरेटरजवळ गेला आणि तिथंच राहिला.

बारकी दांडी वर होती.

चोक.

शेंबडं पोरगंही सांगेल, ते.

"सकाळी गार होती गाडी," तो जमिनीकडे बघून म्हणाला. "म्याच दिला होता."

कुणी हसलं नाही. मला मघाशी इतकं हसू येत होतं, आता एक ओठ हलेना.

त्यानं दांडी खाली केली. हात पुसले. आणि जित्याची खोड... मान वर करून पुन्हा उत्तरेश्वरकडेच बघितलं.

"तू मागं बसला होतास. तुला दिसला असंल."

"दिसला."

"कवा?"

"घाट लागला तवा."

"आन तू बोलला न्हाईस? सगळा घाट गाडी गुदमरत आली आन तू गप बसलास?" व्यंकट उठून त्याच्या अंगावरच गेला. "कामून? सांग ना, कामून?"

उत्तरेश्वरनं पहिल्यांदाच नजर वर केली.

"दाजी, म्या म्हणलं असतं, चोक वर हाय... तर तुम्ही काय म्हणला असता?"

व्यंकटनं बोट उगारलं. खाली घेतलं.

लिंबाचं एक वाळकं पान त्याच्या खांद्यावर पडलं. त्यानं झटकलं नाही.

"म्हणलो असतो..." तो सावकाश म्हणाला, "म्हणलो असतो, तुला कसं ठाऊक?"

"हां."

"म्हणलो असतो, तूच वर केलास."

"हां, दाजी."

व्यंकट मागं सरला आणि ओट्याच्या पायरीवर बसला. मघा उत्तरेश्वर बसला होता तिथंच. मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला. दोन्ही प्लग त्याच्या मुठीत होते आणि हाताला काजळी लागली होती.

मायनं बेलभंडाराची ताटली त्याच्यापुढं सरकवली.

"घे. आता तू उचल."

"म्या? म्या काय बोलायचं?"

"तुझं तू बघ."

त्यानं फडक्याला हात पुसले. पान उचललं. पण गाभाऱ्याकडे तोंड केलं नाही. सवयीनं पान उन्हात धरलं आणि दोन बोटांत फिरवत राहिला. या बाजूनं, त्या बाजूनं. जणू त्यावरही काही रंग दिसेल.

उत्तरेश्वर बघत होता. माझा हात सुपातच थांबला होता.

व्यंकटनं पान ताटलीत परत ठेवलं.

"न्हाई जमत, माय. आज बोलंन. उद्या ह्याला फोन आला की परत कान टवकारतील. देवाच्या दारात खोटा पडंन."

सकाळपासून तो बोलला त्यात मला आवडलेलं हे पहिलं वाक्य होतं.

मायनं मान हलवली. ते पान उचललं आणि शेळीपुढं धरलं. शेळीनं ते खाल्लं. भंडाऱ्याचं बोट मायनं आधी उत्तरेश्वरच्या कपाळाला लावलं, मग व्यंकटच्या.

"जावा आता. मथुरा वाट बघत असंल."

"म्हंजे ह्याला..." व्यंकट अडखळला. "घरी न्यायचा?"

"गाडी कुणाची हाय?"

"माझी."

"त्याला चालवू दे. तू मागं बस."

व्यंकटनं स्वतःची गाडी आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती. बायकोच्या बाळंतपणातही दवाखान्यात तोच घेऊन गेला होता, असं नंतर उत्तरेश्वर सांगायचा. चावी खिशातून निघेना. निघाली. दोन माणसांच्या हातांमध्ये ती जरा लोंबकळली आणि मग उत्तरेश्वरच्या हातात गेली.

उत्तरेश्वरनं काळा प्लग मागून घेतला. तारेच्या ब्रशनं घासला, फुंकला, बसवला. हात सफाईदार होते. बाजूला उभं राहून व्यंकट बघत होता. एकदाच बोलायला गेला आणि गप्प बसला.

किक मारली. गाडी एका दमात चालू झाली. सुरुवातीला थोडा काळा धूर आला, मग तोही गेला. आवाज मोकळा झाला. मला त्यातलं काही कळत नाही, पण ऐकायला बरं वाटत होतं.

व्यंकट मागं बसला. मागं बसायची सवय नव्हती, हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते मेहुण्याच्या खांद्यावर ठेवले.

उत्तरेश्वर काहीतरी गुणगुणत होता. मघाचीच चाल. गियर टाकायच्या आधी त्यानं हात लांब केला आणि आरसा फिरवला. आतून बाहेर. रस्त्याकडे.

खांद्यावरचे हात ताठ झाले.

"आरसा कशाला फिरवलास रं?" व्यंकट म्हणाला.

गुणगुणणं बंद झालं. उत्तरेश्वरची मान खाली गेली.

माय ओट्यावरूनच म्हणाली, "व्यंकट."

"काय, माय?"

"चोक बघ."

तो एका बाजूला झुकला. गाडीच्या पोटाशी नीट निरखून बघितलं.

"खालीच हाय, माय."

"परत बघ."